जाहिरात थांबवून केलेलं मार्केटिंग

एका उंची रेस्टॉरंटच्या मार्केटिंगचं काम मी हातात घेतलं तेव्हा तिथे प्रसिद्धीवर खर्च कमी होत होता, असं मुळीच नव्हतं. सोशल मीडिया सांभाळायला एक एजन्सी, फोटोंसाठी दुसरी, एका सवलतीच्या अ‍ॅपशी करार आणि जोडीला इन्फ्लुएन्सर मंडळींची ये-जा. तरीही शुक्रवार-शनिवार गर्दी आणि इतर रात्री निम्मी टेबलं रिकामी, हे काही बदलत नव्हतं. मालकांचं निदान पक्कं होतं. "आपण लोकांना माहीतच नाही. बजेट वाढवा, अजून लांब पोचा." मी म्हटलं, "सर, थोडे दिवस नवी जाहिरात नको. आधी रिझर्व्हेशनचं रजिस्टर, बिलांचा डेटा आणि आजवरचे सगळे रिव्ह्यू मला वाचू द्या." त्यांना ते पटलं नव्हतं, पण त्यांनी अडवलंही नाही.

रजिस्टरमध्ये नाव, फोन नंबर, किती जण आणि किती वाजता, एवढंच लिहिलेलं होतं. कोण पहिल्यांदा आलं, कोण पुन्हा आलं, कशासाठी आलं, याची नोंदच नव्हती. फोन नंबर बिलांशी जुळवत बसण्याचं काम कंटाळवाणं होतं, पण त्यातून जे दिसलं त्यानं पुढची सगळी दिशा ठरली. नवे पाहुणे भरपूर येत होते. एकदा येऊन गेलेले मात्र परत येत नव्हते. लांब पोचण्याचा प्रश्नच नव्हता. जवळ आलेले निसटत होते.

फ्रेडरिक रायकहेल्ड आणि अर्ल सॅसर यांनी १९९० मध्ये मांडलेला एक निष्कर्ष मार्केटिंगमध्ये सतत सांगितला जातो: ग्राहक सोडून जाण्याचं प्रमाण ५ टक्क्यांनी घटवलं तर नफा २५ ते ८५ टक्क्यांनी वाढतो. तो अभ्यास बँका, विमा, क्रेडिट कार्ड अशा धंद्यांचा होता. रेस्टॉरंटला तो आकडा जसाच्या तसा लावू नये, असं मला वाटतं. पण आमच्या बाबतीत दिशा तीच होती. उंची रेस्टॉरंटमध्ये पहिल्यांदा आलेला माणूस बिचकत असतो, मेन्यू नीट कळलेला नसतो, मोजकंच मागवतो. दुसऱ्यांदा येतो तेव्हा तो मोकळा झालेला असतो, सोबत कोणाला तरी घेऊन येतो आणि तुमची शिफारस त्याची स्वतःची शिफारस झालेली असते. त्या दुसऱ्या भेटीसाठी रेस्टॉरंटमध्ये कोणीच काही करत नव्हतं.

सगळ्यात मोठी गळती मला सापडली ती फोनवर. मी वेगवेगळ्या वेळी पाहुणी म्हणून फोन करून पाहिले. दुपारची सर्व्हिस संपल्यापासून संध्याकाळचं ब्रीफिंग होईपर्यंत फोन बहुतेक वेळा वाजतच राहायचा. नेमक्या याच वेळात लोक रात्रीचं ठरवत असतात. शनिवारसाठी विचारलं की उत्तर यायचं, "फुल आहे, मॅडम," आणि फोन ठेवला जायचा. प्रतीक्षा यादी नाही, दुसऱ्या दिवसाची विचारणा नाही, नाव-नंबरही लिहून घेतलेला नाही. म्हणजे ज्या माणसाला आमच्याकडेच यायचं होतं, ज्यानं स्वतःहून फोन केला होता, त्याला आम्ही रिकाम्या हातानं परत पाठवत होतो आणि त्याच आठवड्यात बुधवारची टेबलं भरावीत म्हणून अनोळखी लोकांना जाहिराती दाखवत होतो.

फोन घेणाऱ्या मुलीचा यात दोष नव्हता. तिला कोणी शिकवलंच नव्हतं, आणि फोनबरोबर दारावरच्या पाहुण्यांनाही तीच सांभाळत होती. आम्ही तिघींनी, म्हणजे ती, फ्लोअर मॅनेजर आणि मी, बसून संभाषणं लिहून काढली. पाठ करायला नव्हे, तर काय विचारायचं ते ठरवायला. "शनिवार भरलाय. खास काही निमित्त आहे का, की दिवस पुढे-मागे चालेल?" निमित्त असेल तर प्रतीक्षा यादीत नाव आणि टेबल सुटलं तर किती वाजेपर्यंत कळवू, याचा शब्द. निमित्त नसेल तर बुधवार किंवा गुरुवार, आणि त्या दिवशी काय मिळेल हे खरं-खरं: निवांतपणा, हवं ते टेबल, शेफशी दोन शब्द बोलायची शक्यता. दुपारच्या मधल्या वेळेसाठी फोन एका मोबाइलवर वळवला आणि तो कोणाकडे असेल हे ड्यूटी चार्टवर लिहायला लागलो. आठवड्याच्या मधल्या रात्री भरण्यात या एका बदलाचा वाटा इतर कुठल्याही गोष्टीपेक्षा मोठा आहे, असं मी आजही म्हणेन. त्यासाठी वेगळं बजेट लागलं नाही.

मग आला सवलतीच्या अ‍ॅपचा विषय, आणि तिथे मालकांशी माझे खरे मतभेद झाले. त्यांचा मुद्दा साधा होता: "टेबल रिकामं राहण्यापेक्षा निम्म्या दरात भरलं तर काय बिघडलं?" मी कागदावर हिशेब मांडला. बिल १०० धरा. कच्च्या मालाचा खर्च साधारण ३० धरायची या धंद्यात रीत आहे, आणि उंची रेस्टॉरंटमध्ये तो बऱ्याचदा त्याहून वर जातो. सवलतीनंतर हातात ५०. त्यातून माल वजा केला की २०. त्यातून अ‍ॅपचं कमिशन, कपडे धुलाई, गॅस-वीज, जास्तीचा स्टाफ. उरतं ते नावापुरतं. आणि हे तेव्हा, जेव्हा तो माणूस एरवी आलाच नसता असं आपण गृहीत धरतो. रजिस्टर जुळवताना मला दिसलं होतं की आमचे काही जुने, पूर्ण दर देणारे पाहुणेही अ‍ॅपवरून यायला लागले होते. त्यांनी का देऊ नये निम्मा दर? रस्ता आपणच दाखवला होता.

हिशेबापेक्षा मोठं नुकसान शेजारच्या टेबलावर होतं. दोन टेबलं शेजारी-शेजारी, पदार्थ तेच, सेवा तीच. एकानं पूर्ण बिल भरलं, दुसऱ्यानं निम्मं, आणि पहिल्याला ते दिसलं. तो तक्रार करत नाही. तो फक्त पुन्हा येत नाही, किंवा सवलत असेल तेव्हाच येतो. ज्या जागेचा दर एकदा निम्मा पाहिला, तिचा पूर्ण दर नंतर महागच वाटतो.

२०१० मध्ये राइस विद्यापीठाच्या उत्पल धोलकिया यांनी ग्रुपॉन या सवलतीची कुपनं विकणाऱ्या साइटवर सवलत दिलेल्या १५० व्यवसायांची पाहणी केली होती. ६६ टक्क्यांना ती योजना फायद्याची ठरली, ३२ टक्क्यांना नाही, आणि सेवा देणाऱ्या व्यवसायांत रेस्टॉरंटांची कामगिरी सगळ्यात वाईट होती. त्या पाहणीतला मला सगळ्यात महत्त्वाचा वाटलेला भाग वेगळाच आहे. योजना फायद्याची ठरेल की नाही, हे सर्वाधिक अवलंबून होतं ते कर्मचारी समाधानी होते का यावर. आमच्या कॅप्टनना, म्हणजे टेबलांची सेवा सांभाळणाऱ्या प्रमुख वाढप्यांना, मी विचारलं तेव्हा ते आधी गप्पच राहिले. मग एक जण म्हणाले, "मॅडम, अ‍ॅपच्या रात्री आम्ही धावतो दुप्पट आणि मिळतं निम्मं. मग नेहमीच्या पाहुण्याकडे बघायलाही वेळ नसतो." हे वाक्य मी मालकांना त्या कॅप्टनच्याच तोंडून ऐकवलं. माझ्या कागदापेक्षा त्याचा परिणाम जास्त झाला.

करार एका दिवसात तोडता येत नव्हता. मुदत संपेपर्यंत अ‍ॅपवरची टेबलं फक्त लवकरच्या वेळेपुरती ठेवली आणि नूतनीकरण केलं नाही. सवलतीच्या जागी काय, हा प्रश्न उरलाच होता. आठवड्याच्या मधल्या दिवसांसाठी शेफनी एक छोटा ठरावीक मेन्यू बांधला: कमी पदार्थ, कमी वेळ, कमी दर, आणि तो दर सगळ्यांना सारखा, छापलेला. कुपन नाही, कोड नाही. अशा मांडणीला आधार आहे. शिकागोमध्ये निक कोकोनस आणि ग्रँट अ‍ॅखात्झ यांनी २०११ मध्ये 'नेक्स्ट' हे रेस्टॉरंट सुरू केलं तेव्हा जेवणाची आगाऊ तिकिटं विकली आणि दिवस व वेळेप्रमाणे त्यांचे दर वेगळे ठेवले. शनिवारची मोक्याची वेळ महाग, आठवड्यातली उशिराची वेळ स्वस्त. दर कमी होता, पण तो लपूनछपून मिळवलेला नव्हता; सगळ्यांसमोर मांडलेला होता.

मालकांना मग एक नवी कल्पना सुचली. खिडकीजवळच्या टेबलांना जादा आकार लावायचा. इथे मी ठाम नकार दिला. शेरिल काइम्स आणि योखेन विर्ट्झ यांनी २००२ मध्ये रेस्टॉरंटमधल्या वेगवेगळ्या दरांबद्दल लोकांना काय न्याय्य वाटतं हे तपासलं होतं. दुपार-रात्रीचा फरक किंवा वेळेनुसार फरक लोकांना चालतो. टेबल कुठे आहे यावरून जादा पैसे मात्र खटकतात. शिवाय तोच फरक 'शनिवारी जास्त' असा सांगितला तर बोचतो आणि 'बुधवारी कमी' असा सांगितला तर चालतो. आम्ही मधल्या दिवसांचा मेन्यू त्याच भाषेत लिहिला. शनिवारबद्दल कुठे शब्दही काढला नाही.

याच काइम्सनी प्रति आसन प्रति तास उत्पन्न मोजायची पद्धत रेस्टॉरंटसाठी मांडली आहे. ती लावून पाहिली तेव्हा आमचा 'फुल' शनिवारही फुल नव्हता असं दिसलं. टेबलं भरलेली, पण चौघांच्या टेबलांवर दोघं-दोघं बसलेले. चौघांची काही टेबलं काढून जोडता येतील अशी दोघांची टेबलं आणली. याला मार्केटिंग म्हणायचं का, असं मला विचारलं गेलं. फोनवर 'फुल आहे' म्हणायची वेळ त्यामुळे कमी वेळा आली, म्हणून मी म्हणते, हो.

वेबसाइटचं काम तुलनेनं सोपं होतं. मेन्यू पीडीएफमध्ये होता. मोबाइलवर तो उघडायला वेळ लागे आणि दोन बोटांनी मोठा करून वाचावा लागे. फोन नंबर चित्रात होता, त्यावर टिचकी मारून फोन लागत नव्हता. कामाच्या वेळा गुगलवर एक, वेबसाइटवर दुसऱ्या. हे सगळं दुरुस्त झालं. भांडण झालं ते दरांवर. वेबसाइटवर दर कुठेच नव्हते, आणि दर दाखवणं आपल्या दर्जाला शोभत नाही, असा मालकांचा समज होता. चलनाचं चिन्ह काढलं की लोक जास्त खर्च करतात, हे त्यांनी कुठेतरी ऐकलं होतं आणि तेच ते पुराव्यादाखल सांगत.

तो अभ्यास खरा आहे. कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ मध्ये एका पाकशिक्षण संस्थेच्या रेस्टॉरंटमध्ये तो केला. ज्या मेन्यूवर नुसते आकडे होते, डॉलरचं चिन्ह किंवा 'डॉलर' हा शब्द नव्हता, त्या मेन्यूवरून मागवणाऱ्यांनी जास्त खर्च केला. पण आकडा तिथे होता! दर लपवला नव्हता, फक्त चिन्ह काढलं होतं. टेबलावर बसलेल्या माणसाला पैशांची आठवण कमी करून देणं वेगळं आणि घरी बसून ठरवणाऱ्याला अंधारात ठेवणं वेगळं. ताकाला जाऊन भांडं लपवण्यात काही अर्थ नसतो. आपल्याकडे जो येतो तो बऱ्याचदा यजमान असतो: कोणी आई-वडिलांना घेऊन येतं, कोणी ग्राहकाला, कोणी जोडीदाराला. त्याला सगळ्यात मोठी धास्ती असते ती पाहुण्यांसमोर ओशाळं होण्याची. दर आधी कळला की तो मन मोकळं ठेवून येतो. न कळला तर दुसरीकडे जातो, आणि आपल्याला ते कधी कळतही नाही. शेवटी ठरावीक मेन्यूंचे दर आणि 'दोघांसाठी साधारण खर्च' वेबसाइटवर आला. चिन्ह तेवढं गाळलं. मालकांचं समाधान झालं आणि माझंही.

रिव्ह्यू वाचायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. तो वेळ सत्कारणी लागला. आधी एजन्सी काय उत्तरं देत होती ते सांगते: "आपल्या अभिप्रायाबद्दल आभारी आहोत, पुन्हा सेवेची संधी द्या." कौतुकालाही तेच, तक्रारीलाही तेच. एका बाईंनी लिहिलं होतं की वडिलांना पायऱ्या चढता येत नाहीत हे आधी कळवूनही वरच्या मजल्यावर टेबल दिलं, आणि त्याखाली हेच छापील वाक्य होतं. ते वाचताना मला फार वाईट वाटलं. अशा उत्तरानं ती बाई तर गेलीच, पण ते वाचणारा प्रत्येक जणही समजून जातो की इथे ऐकणारं कोणी नाही.

रेटिंगचं वजन किती असतं यावर भक्कम काम झालेलं आहे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी २०११ मध्ये सिअ‍ॅटलमधल्या रेस्टॉरंटांच्या उत्पन्नाची येल्प या रिव्ह्यूंच्या साइटवरच्या रेटिंगशी सांगड घातली. एक तारा वाढला की उत्पन्न ५ ते ९ टक्क्यांनी वाढतं, असं त्यांना आढळलं. हा परिणाम स्वतंत्र रेस्टॉरंटांवर होता, साखळी रेस्टॉरंटांवर नाही. मायकल अँडरसन आणि जेरेमी मॅग्रूडर यांनी २०१२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोतल्या रेस्टॉरंटांबद्दल दाखवलं की अर्धा तारा जास्त दिसला तर संध्याकाळच्या गर्दीच्या वेळी टेबलं संपून जाण्याची शक्यता १९ टक्के-अंकांनी वाढते.

हे ऐकल्यावर मालकांनी विचारलं, "मग रेटिंग वाढवून घेता येतं का?" अशी 'सेवा' देणारे त्यांना भेटून गेले होते. शिवाय आमच्याच काही मुलांना पाच तारे दिल्यास डेझर्ट मोफत, असं सांगायची सवय लागली होती. दोन्ही बंद केलं. मोबदला देऊन रिव्ह्यू घेणं मोठ्या प्लॅटफॉर्मच्या नियमांत बसत नाही, आणि अमेरिकेत तर ऑक्टोबर २०२४ पासून खोटे रिव्ह्यू विकत घेणं-विकणं हे संघीय नियमानं दंडनीय आहे. २०१७ मध्ये उबा बटलर या पत्रकारानं लंडनमधल्या स्वतःच्या बागेतली शेड रेस्टॉरंट म्हणून रिव्ह्यूंची साइट असलेल्या ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर नोंदवली आणि नुसत्या खोट्या रिव्ह्यूंवर तिला शहरातल्या पहिल्या क्रमांकावर नेऊन बसवलं होतं. असं घडू शकतं, हे त्यानं सिद्ध केलं. पण त्याला रोज रात्री कोणाला जेवायला वाढायचं नव्हतं. विकत घेतलेले तारे अपेक्षा वाढवतात, आणि त्या अपेक्षेला सामोरं जायची पाळी कॅप्टनवर येते.

मी सगळ्या रिव्ह्यूंची हातानं विभागणी केली: पदार्थ, सेवा, जागा, दर, आवाज, सुरुवात, शेवट. पदार्थांबद्दल तक्रारी थोड्या होत्या. बहुतेक नाराजी दोन ठिकाणी साचलेली होती: दारात पोचल्यापासून टेबलावर पहिलं पाणी येईपर्यंत, आणि बिल मागितल्यापासून बाहेर पडेपर्यंत. मधलं सगळं चांगलं, टोकं वाईट. शेफ हे ऐकून खिन्न झाले. "आम्ही दोन-दोन दिवस तयारी करतो आणि लोक बिलाबद्दल लिहितात?" त्यांचं दुःख मला समजत होतं. पण आठवण अशीच तयार होते. डॅनियल कानमन आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लोकांना गार पाण्यात हात बुडवून ठेवायला सांगितलं होतं: एकदा ६० सेकंद, आणि एकदा तेच ६० सेकंद अधिक आणखी ३० सेकंद किंचित कमी गार पाण्यात. पुन्हा कोणता प्रकार कराल असं विचारल्यावर बहुतेकांनी दुसरा, म्हणजे जास्त वेळ त्रास देणारा प्रकार निवडला, कारण त्याचा शेवट सौम्य होता. शेफना मी म्हटलं, "शेफ, तुमच्या दोन दिवसांच्या मेहनतीवर शेवटची पंधरा मिनिटं पाणी ओततात. ती आपण दुरुस्त करू." त्यानंतर त्यांनी या कामात मनापासून साथ दिली.

बिलासाठी कार्ड मशीन टेबलापर्यंत नेता येईल अशी सोय झाली. पाहुण्यांनी बिल मागितलं की बाकी काही हातात असलं तरी ते आधी, हा नियम झाला. गाडी आणायला सांगण्याचं काम बिलाबरोबरच सुरू होऊ लागलं. दारात थांबावं लागलं तर किती वेळ, हे खरं सांगायचं. 'पाचच मिनिटं' हे शब्द बंद. आणि निघताना कॅप्टन किंवा शेफ यांच्यापैकी एकानं भेटायचंच. यातलं काहीच जाहिरातीत दाखवता येत नाही, पण नंतरच्या रिव्ह्यूंमध्ये हेच उमटायला लागलं.

उत्तरं लिहायचं काम मी एजन्सीकडून काढून फ्लोअर मॅनेजरकडे दिलं. ती रात्र त्यांनी स्वतः पाहिलेली असते. तक्रार असेल तर काय घडलं ते नेमकं कबूल करायचं, काय बदललं ते सांगायचं, आणि भरपाईची भाषा जाहीरपणे करायची नाही, ती फोनवर. त्या पायऱ्यांवाल्या बाईंना मी फ्लोअर मॅनेजरना स्वतः फोन करायला लावला. रिझर्व्हेशनच्या नोंदीत 'पायऱ्या नकोत' असा रकाना तेव्हापासून आहे.

इन्फ्लुएन्सरबद्दल थोडक्यात. येणाऱ्यांचे फॉलोअर हजारोंनी असले तरी ते आमच्या रेस्टॉरंटपर्यंत कधी पोचू शकतील असे होतेच, याची खात्री कोणी केली नव्हती. रीलमध्ये जागा 'जिवंत' दिसावी म्हणून संध्याकाळचं संगीतही बदललं होतं: वेगवान आणि मोठ्यानं. रोनाल्ड मिलिमन यांनी १९८६ मध्येच दाखवलं आहे की रेस्टॉरंटमध्ये संथ संगीत असेल तर लोक जास्त वेळ बसतात आणि पेयांवर जास्त खर्च करतात. संगीत पुन्हा संथ केलं, आवाज कमी केला. इन्फ्लुएन्सरची मोफत जेवणं थांबवून तोच खर्च आसपासच्या मोठ्या हॉटेलांतल्या कॉन्सिएर्ज मंडळींना (उतरलेल्या पाहुण्यांना माहिती आणि मदत देणाऱ्यांना) आणि फ्रंट ऑफिसच्या लोकांना जेवू घालण्यावर वळवला. ते रोज कोणाला ना कोणाला 'कुठे जेवायला जावं' याचं उत्तर देत असतात, आणि स्वतः खाल्ल्याशिवाय ते मनापासून देत नाहीत.

एका जाहिरातीच्या मसुद्यात 'मिशलिन दर्जाचा अनुभव' असे शब्द होते. ते मी खोडले, आणि इतर कोणीही खोडावेत असं मला कळकळीनं वाटतं. टायर बनवणाऱ्या त्या कंपनीनं १९०० मध्ये वाहनचालकांसाठी मार्गदर्शिका काढली, १९२६ पासून उत्तम रेस्टॉरंटांना तारे द्यायला सुरुवात केली आणि १९३१ मध्ये दोन व तीन ताऱ्यांची श्रेणी आणली. निरीक्षक ओळख न देता येतात, बिल भरतात, आणि तारा देतात तो ताटातल्या पदार्थासाठी; सजावट आणि सेवा त्यात धरली जात नाही. त्यामुळे 'दर्जाचा अनुभव' ही भाषा मुळातच चुकीची आहे. ज्याला हे माहीत आहे, तोच आपला पाहुणा असण्याची शक्यता सर्वाधिक. त्याच्या नजरेतून उतरायला हे दोन शब्द पुरेसे आहेत.

पाहुण्यांची नोंद ठेवायला लागलो तेव्हा मी सगळ्यात जास्त काळजी घेतली. संमती विचारून नोंद, आणि नोंदीत फक्त सेवेला उपयोगी पडेल तेवढंच: अ‍ॅलर्जी, बसायची आवड, निमित्त, काय आवडलं, काय परत गेलं. एका कॅप्टननी उत्साहानं एका पाहुण्याला दारातच म्हटलं, "मागच्या वेळी मॅडमना कोपऱ्यातलं टेबल आवडलं होतं, तेच ठेवलंय." त्या संध्याकाळी सोबत दुसरंच कोणी होतं. टेबलावर शांतता पसरली, ती शेवटपर्यंत. त्या रात्रीपासून नियम आहे: नोंद वापरायची, बोलून दाखवायची नाही. कोपऱ्यातलं टेबल द्या, कारण सांगू नका.

या नोंदीतूनच दुसऱ्या भेटीचं काम सुरू झालं. पहिल्यांदा आलेल्यांना काही दिवसांनी फ्लोअर मॅनेजरच्या नावानं एक छोटा संदेश जातो. त्यात सवलत नसते. त्यांनी जे आवडीनं घेतलं होतं त्याच्याशी नातं सांगणारं नवीन काही किचनमध्ये आलं असेल तर तेवढंच कळवलेलं असतं. काहीच नवीन नसेल तर संदेश जात नाही. मालकांना सुरुवातीला दर आठवड्याला सगळ्यांना एकच मेसेज पाठवायचा होता. परत येणाऱ्यांचे आकडे हलायला लागल्यावर त्यांनी तो आग्रह सोडला, आणि आता आठवड्याच्या बैठकीत ते पहिला प्रश्न 'किती जण परत आले' हाच विचारतात.

सगळं जुळून आलंय असं नाही. छोटा ठरावीक मेन्यू शनिवारीही ठेवावा, असं मालकांना वाटतं. शेफ आणि मी विरोधात आहोत. शनिवारी किचनला दोन वेगवेगळ्या गतींनी चालवणं जमत नाही. आयत्या वेळी न येणाऱ्यांसाठी मोठ्या ग्रुपकडून आगाऊ रक्कम घेतो, पण दोघांच्या टेबलासाठी घ्यावी का, यावर अजून एकमत नाही. मला ती नको वाटते. आदल्या दिवशी आमच्या माणसानं पाहुण्याला केलेला फोन आमच्याकडे बऱ्यापैकी काम करतो.

जाहिरात पुन्हा सुरू केली आहे, पण थोडी, आणि फक्त मधल्या दिवसांच्या मेन्यूसाठी आणि खासगी दालनासाठी. त्यावर टिचकी मारली की थेट दर लिहिलेलं पान उघडतं. बुधवार भरला की त्या आठवड्यापुरती ती बंद करायची, आणि हा अधिकार एजन्सीकडे किंवा माझ्याकडे नाही. तो फोन घेणाऱ्या त्या मुलीकडे आहे. आता रिझर्व्हेशनचा सगळा विभाग तीच सांभाळते.